शटर आणि जवारी

"ताई, तुमचं झालं की सांगा. मग मी ऐकतो."

चाचा, मिरजेचे तंबोरे घडवणारे कारागीर, रागावले नव्हते. तंबोरा मांडीवर आडवा, एका हातात कानस, दुसऱ्या हाताची बोटं तारांवर टेकवलेली, असे ते माझ्याकडं बघत थांबले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की गेली दहा-बारा मिनिटं माझ्या कॅमेऱ्याचा प्रत्येक खटका त्यांच्या ऐकण्याच्या मध्येच पडत होता. ते जवारी लावत होते. घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची, पाठ कानशीनं केसाएवढी घासायची, तार छेडायची, ती विझेपर्यंत ऐकायची, तारेखालचं सूत जरासं पुढं-मागं सरकवायचं, पुन्हा छेडायची. घोडीच्या किंचित फुगीर पाठीला तार जिथं हलकेच घासत राहते, तिथून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. तो बरोबर आला की नाही, म्हणजे जवारी खुलली की तार अजून बंदच आहे, हे सांगणारं यंत्र त्या दुकानात नाही. सगळा भरवसा कानावर.

मी माफी मागितली आणि कॅमेरा पिशवीत ठेवला. पुढचा तासभर नुसती बसून ऐकत राहिले. नवा कॅमेरा घ्यायचा हे त्याआधीच घरी ठरलं होतं, पण कोणता घ्यायचा याचा विचार त्या दिवसापासून वेगळ्या अंगानं सुरू झाला.

मी सांगलीत बँकेत नोकरी करते. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी आणि रविवारी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जायचं, हा माझा चार-पाच वर्षांचा नेम आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथं सतारी-तंबोरे घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव अजून प्रत्येक दुकानात आदरानं घेतलं जातं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत फोटोवाल्यांची बरीच ये-जा झाली. पंढरपूर भागातून आलेले भोपळे, तुणीच्या लाकडाची दांडी, नक्षी, खुंट्या यांचे फोटो पुष्कळ निघाले. मला मात्र ऐकणारे चेहरे टिपायचे होते. कारागीर तार छेडून ऐकतो तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात, पण तो कुठंच बघत नसतो. तो चेहरा मला हवा होता, आणि तो नेमका खटक्यानं मोडत होता.

माझ्याकडचा कॅमेरा बाबांचा. निकॉन डी९०, त्यांनी २००९ साली घेतलेला. त्याआधी ते फिल्मवर काढायचे, आणि त्या काळातल्या दोन लेन्स त्यांनी जपून ठेवल्या होत्या: ५० मिमी एफ १.८ आणि ८५ मिमी एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, बॉडीतल्या मोटरनं ती फिरवावी लागते. डी९० मध्ये ती मोटर आहे, म्हणून बाबांनी तोच निवडला होता. बाबा गेल्यावर कॅमेरा माझ्याकडं आला. शटरचा आकडा बघितला तर ९० हजारांच्या पुढं गेला होता. या कॅमेऱ्याचं शटर एक लाखाच्या हिशेबानं बनवलेलं. लाख झाले की दुसऱ्या दिवशी बंद पडतो असं नाही, पण आता त्याच्या भरवशावर मोठं काम हातात घेऊ नये हे कळत होतं.

अशा वेळी दोन कॅमेरे समोर आले.

पहिला कोल्हापूरच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरकडचा निकॉन डी७००. ते लग्नाची कामं करतात आणि आता मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, गेले आहेत. डी७०० हा २००८ सालचा. १२.१ मेगापिक्सेल, सेन्सर मात्र पूर्ण ३५ मिमी फिल्मच्या मापाचा, आणि तो सेन्सर आधीच्या वर्षी आलेल्या डी३ या मोठ्या कॅमेऱ्यातलाच. त्यांनी आठवडाभर वापरून बघायला दिला. "घाई नाही, बघा, मग बोलू," असं त्यांचं म्हणणं.

दुसरा पुण्याच्या आतेभावाकडचा फुजीफिल्म एक्स१००टी. २०१४ सालचा, १६.३ मेगापिक्सेल. हातात घेतला तर जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा. लेन्स कायमची बसवलेली, २३ मिमी एफ २. सेन्सर डी९० च्याच मापाचा म्हणजे एपीएस-सी, त्यामुळं त्यातून ३५ मिमी लेन्सएवढा आवाका दिसतो. झूम नाही, लेन्स बदलायची सोय नाही. आतेभावाला मुलीच्या खेळांचे फोटो काढायचे होते, त्याला हा चालेना.

डी७०० ला पहिल्यांदा डोळा लावला तो क्षण मी विसरणार नाही. डी९० च्या व्ह्यूफाइंडरमधून बघणं म्हणजे खिडकीपासून चार पावलं मागं उभं राहून बाहेर बघणं. इथं मी एकदम खिडकीशी आले. बाबांची ८५ मिमी डी९० वर लावली की छोट्या सेन्सरमुळं १२७ मिमीच्या आसपासचा आवाका द्यायची. डी७०० वर ती पहिल्यांदा ८५ मिमी झाली. बाबा फिल्मवर जे बघत असतील ते मला तेव्हा दिसलं. त्या रात्री मी आईचे चाळीसेक फोटो काढले असतील. भाकरी थापताना, चष्मा पुसताना, टीव्हीसमोर पेंगताना. आई म्हणाली, "तुझ्या बाबांसारखीच एक डोळा मिटून बघतेस." डी७०० घ्यायचा असं मी झोपताना जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

मग तो घेऊन गल्लीत गेले. नुसती बॉडी ९९५ ग्रॅम, वर ८५ मिमीचे ३८० आणि बॅटरी. जवळजवळ दीड किलो वजन गळ्यात. चाचांचं दुकान असेल दहा बाय दहा फुटांचं, त्यात भिंतीला टेकून उभ्या दांड्या, तयार तंबोरे आणि आढ्याला टांगलेले वाळलेले भोपळे. चाचांचा कमरेपासून वरचा भाग फ्रेममध्ये घ्यायचा तर डी९० वर मला नऊ-दहा फूट मागं जावं लागायचं, म्हणजे उंबऱ्याबाहेर. डी७०० वर सहा फूट पुरत होते. ही मोठीच सोय. पण फ्रेम बघता बघता मी एक पाऊल मागं सरले, वळले, आणि कॅमेऱ्याचा कोपरा टांगलेल्या भोपळ्याला लागला. ठक्क असा पोकळ आवाज आला. चाचांच्या मुलानं पटकन येऊन भोपळा दोन्ही हातांत धरला, फिरवून बघितला, बोटानं वाजवून बघितला. तडा गेला नव्हता. चांगल्या आकाराचा भोपळा मिळायलाच वेळ लागतो, मग तो नीट वाळवायचा. गेला असता तर पैसे देऊन भरून येणारी गोष्ट नव्हती. त्यानंतर त्या दुकानात मी मोकळेपणानं हललेच नाही.

आणि खटका होताच. डी९०, डी७०० सारख्या डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर व्ह्यूफाइंडरकडं जातो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, शटरचे पडदे धावतात, आरसा परत खाली आदळतो. आवाज तिथून येतो. सेन्सर मोठा तसा आरसा मोठा, आणि आवाजही त्या मानानं. आरसा आधीच वर करून ठेवायची सोय डी७०० मध्ये आहे, पण मग व्ह्यूफाइंडर अंधारतो. समोर माणूस असताना त्याचा उपयोग नाही.

त्याच आठवड्यात मिरजेत एका घरी बैठक होती. चाळीस-पंचेचाळीस माणसं, माइक नाही, गायिका माझ्यापासून आठ फुटांवर. राग पूरिया सुरू झाला. आलापीत तिनं मंद्रातला, खालच्या सप्तकातला, निषाद लावून धरला. दोन्ही तंबोरे असे काही मिळाले होते, की खोलीच गात होती. नेमका तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पिवळ्या दिव्याचा उजेड पडला होता. माझं बोट बटणावर होतं. मी दाबलं नाही. दाबूच शकले नाही. पुढं मध्य लयीत तबला जोरात आला तेव्हा समेवर समेवर मी फोटो काढले, तरी शेजारच्या आजोबांनी दोनदा मान वळवली. घरी येऊन बघितलं तर सगळे फोटो समेचे, हात उंचावलेले, तोंडं उघडी. ज्या आलापीसाठी मी गेले होते तिचा एकही नाही.

आठवडा संपला, डी७०० परत दिला, आणि कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना सांगितलं की पंधरा दिवस द्या.

एक्स१००टी आतेभावानं कुरिअरनं पाठवला. मी आधी एक प्रयोग केला. नवऱ्याला डोळे मिटून खुर्चीत बसवलं, मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावलं, पंखा बंद केला. खटका ऐकू आला की बोट वर करायचं. डी९० च्या वेळी आठ फुटांवरून दहापैकी दहा वेळा बोट वर. एक्स१००टीच्या वेळी आठ फुटांवरून एकदाही नाही. तीन फुटांवर आले, तंबोरा बंद केला, तेव्हा कुठं त्यानं विचारलं, "आत्ता काहीतरी टिचकलं का?" या कॅमेऱ्यात आरसाच नाही, आणि शटर लेन्सच्या आत आहे, बारीक पात्यांचं. ती उघडतात आणि मिटतात, बस. आवाजाशिवायचं इलेक्ट्रॉनिक शटरही त्यात आहे, पण एलईडीच्या उजेडात ते फसवतं. आपल्याकडच्या विजेवर काही दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि सेन्सर ओळीओळीनं वाचला जात असल्यामुळं फोटोवर आडवे पट्टे येतात. पात्यांचं शटर पुरेसं होतं.

प्रतीचं काय, हा प्रश्न उरला होता. डी७०० चा सेन्सर क्षेत्रफळानं सव्वादोन पटींहून मोठा, पण सहा वर्षं जुना. मी दोन्ही कॅमेऱ्यांनी त्याच खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, आयएसओ ३२०० ला, म्हणजे कमी उजेडासाठी सेन्सरची संवेदनशीलता चढवून, आईचेच फोटो काढून ठेवले होते. ते सांगलीच्या लॅबमधून १२ बाय १८ इंचांवर छापून आणले, मागं पेन्सिलीनं खूण केली, आणि भिंतीला लावून हातभर अंतरावरून बघितले. डी७०० च्या प्रिंटमधले कण फिल्मसारखे, मोकळे, आणि चेहऱ्यामागची भिंत ८५ मिमीमुळं सुंदर विरघळलेली. एक्स१००टीच्या प्रिंटमध्ये बारकावा थोडा जास्त, कारण मेगापिक्सेल जास्त, पण कण पुसून टाकणारं नॉइज रिडक्शन उणे दोनवर आणल्यावरच आईच्या कातडीवरच्या सुरकुत्या नीट राहिल्या. मला स्वतःला डी७०० चं प्रिंट अधिक आवडलं. हे मी कुणी विचारलं तर आजही सांगेन. मोठ्या सेन्सरचा आणि त्या लेन्सचा एकत्र जो परिणाम होतो तो छोट्या कॅमेऱ्यात नाही.

तरीही मी एक्स१००टी घेतला, कारण त्या दोन प्रिंटमध्ये तुलना करता आली ती आईमुळं. आई टीव्ही बघत होती, तिला खटक्याचं काही नव्हतं. चाचांच्या बाबतीत डी७०० कडून प्रिंटच आलं नसतं.

घेण्याआधी भावाचा कॅमेरा असूनही सगळं तपासलं. जुना कॅमेरा कुणाहीकडून घेताना हे करावं असं मला वाटतं. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ ला फोटो काढून धुळीचे ठिपके बघितले. लेन्स बदलता येत नाही म्हणजे आत धूळ गेली तर ती आपल्याला काढता येत नाही, कॅमेरा उघडावाच लागतो. त्यामुळं इथं हे बघणं डीएसएलआरपेक्षाही महत्त्वाचं. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे तंतू दिसतात का ते बघितलं. पावसाळा आपल्याकडच्या लेन्सचा वैरी. ॲपर्चरची पाती वेगवेगळ्या आकड्यांवर नीट मिटतात का, हे समोरून डोळ्यांनी बघितलं. सगळं ठीक निघालं. व्यवहार घरातला, पण पैसे पूर्ण दिले.

पहिला महिना अवघड गेला. ८५ मिमीनं मला सहा-दहा फूट लांब राहायची सवय लावली होती. ३५ मिमीच्या आवाक्यात चाचांची तेवढीच फ्रेम घ्यायची तर अडीच फुटांवर जाऊन बसावं लागतं, त्यांच्या कानशीचा भुगा माझ्या ओढणीवर पडेल इतकं जवळ. इतक्या जवळ नुसता कॅमेरा घेऊन जाता येत नाही, आधी माणूस म्हणून जावं लागतं. पहिले दोन रविवार मी कॅमेरा मांडीवर ठेवून फक्त बसले. तिसऱ्या रविवारी चाचांनी स्वतःहून बसायला पाट सरकवला.

अंधारात फोकस डी७०० इतका झटपट नाही. तो चेहऱ्यावर चाचपडत राहायचा. मग दाढीची कड किंवा टोपीची कड अशा उजेड-अंधाराच्या रेषेवर फोकस धरायला शिकले. बॅटरी तीनशेच्या आसपास फोटोंत संपते, म्हणून दोन जास्तीच्या घेतल्या. सायलेंट मोड लावला की बीप, फ्लॅश आणि फोकससाठी पेटणारा दिवा तिन्ही एकदम बंद होतात. मागचा पडदाही बंद ठेवते, बैठकीत त्याचा उजेड फार टोचतो. चाचांचा हात हलत असेल तर शटर १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊन उपयोग नाही, हात पुसटच येतो. पण तार छेडून चाचा ऐकत बसतात तेव्हा सगळंच थांबलेलं असतं. आरशाचा धक्का नसल्यामुळं १/३० ला, कधी १/१५ लाही फोटो स्थिर येतो. मला हवा तो क्षण नेमका स्थिर असतो, हे मला कॅमेरा घेतल्यावर उमगलं.

घोडीचे जवळून फोटो हा आणखी एक धडा. अगदी जवळ गेल्यावर ही लेन्स एफ २ ला मऊ होते, धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. तिचा तो स्वभाव आहे. एफ ४ वर नेलं की तार, सूत, घोडीवरचे कानशीचे ओरखडे सगळं लख्ख येतं. बाबांची ८५ मिमी तर तीन फुटांच्या आसपास थांबायची, त्याहून जवळचं तिला दिसतच नव्हतं. घोडीचा एकही फोटो माझ्याकडं आधी का नव्हता, ते आता कळलं.

गमावलं तेही सांगते. सांगलीत एका सभागृहात कार्यक्रम होता, मी आठव्या रांगेत. तरुण गायक भैरवी गाता गाता थांबला, त्याचा गळा दाटून आला. माझ्या फ्रेममध्ये तो अंगठ्याएवढा. कॅमेरा खाली ठेवला आणि ऐकलं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मांडवात तर या कॅमेऱ्यानं रंगमंचाचा फोटो काढायचा विचारही करू नये. तिथं टेलीफोटो आणि डीएसएलआरच हवा, किंवा आजचा मिररलेस. कोल्हापूरचा डी७०० एका शिकाऊ मुलानं घेतला असं कळलं. त्या रात्री मला वाईट वाटलं. बाबांच्या लेन्स डी९० सोबत डब्यात आहेत, सिलिका जेलच्या पुड्या घालून. महिन्यातून एकदा बाहेर काढते, आईचे फोटो काढते, परत ठेवते. डी९० चं शटर जाईल तेव्हा काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात जवारीचे फोटो मनासारखे झाले. त्यातले सहा १२ बाय १८ वर छापून चाचांना नेऊन दिले. चेहऱ्याचे पाच त्यांनी भराभर बघून मुलाकडं दिले. सहावा घोडीचा, एफ ४ वर काढलेला. तो त्यांनी दारातल्या उजेडात नेला, चष्मा वर सरकवला, आणि बराच वेळ बघितला.

"यात तिसरी तार अजून बंद आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "फोटोवरून कसं कळलं चाचा?"

"सूत बघा ना कुठं आहे. इथं असलं तर बंदच बोलणार. नंतर मी ते इतकं मागं घेतलं असणार." त्यांनी नखानं प्रिंटवर जागा दाखवली, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. मग मुलाला हाक मारली आणि त्यालाही ती जागा दाखवली. मुलगा वाकून बघत होता. चाचा माझ्याकडं वळले.

"ताई, आता जवारी खुलल्यावरचा पण एक काढा. याच जागेवरून. दोन्ही शेजारी लावून ठेवतो, पोरांना शिकवायला बरं."